पाय तुमचा, झीज तिची

ती : हळू ठेवा टीव्हीचा आवाज. आई आत झोपल्यात.

तो : मग राहू दे ना. तीनदा ऐकून झालं तुझं.

ती : चौथ्यांदा ऐकायचंय. मागे न्या. पोर जिना चढून त्या दुसऱ्या जगात पोचते ना, तिथे. नाहीतर रिमोट माझ्याकडेच द्या, तुम्ही नेमकं त्याच्या पुढे नेऊन ठेवता.

तो : घे बाई.

ती : हां, इथे. ऐका. एक पाऊल... मग जरा थांबून दुसरं. परत एक... थांबून दुसरं. हे माझं पाऊल नाही.

तो : कार्टूनमधल्या मुलीचं पाऊल आहे ते.

ती : मला शिकवू नका. पाय चित्रकार काढतात, पायांचा आवाज तुम्ही काढता. सोळा वर्षं बघतेय, माझ्या दुकानातले जुने बूट पिशवीत भरून नेता आणि स्टुडिओत माइकपुढे आपटत बसता. त्या मालिकेतल्या राक्षसाचे पंख म्हणजे माझा फाटका चामड्याचा एप्रन आहे, हे शेजारच्या पोरांना सांगितलं तर बिचारी रात्रीची सुखाने झोपतील.

तो : सांगू नकोस हं. मेहनत आहे त्यात.

ती : हसण्यावारी नेऊ नका. मागची तीन पर्वं ही पोर कुणाच्या चालीने चालली?

तो : तुझ्या.

ती : का?

तो : आता ते कशाला उकरून काढतेस?

ती : मला ऐकायचंय. तुमच्या तोंडून.

तो : त्या जगात सगळे तरंगतात. राणी, शिपाई, राक्षस, कुणाचेच पाय भुईला लागत नाहीत. चालते एकटी ती पोर. तिचं पाऊल वाजलं की सगळ्यांनी वळून बघायचं. दिग्दर्शक म्हणाला, असं पाऊल आण की ऐकताक्षणी कळलं पाहिजे, ही कुणाच्या बापाला भीत नाही.

ती : आणि तुम्ही घरी येऊन मला या खोलीत तीन तास फेऱ्या मारायला लावल्यात. दूध उतू गेलं, पातेलं करपलं. कधी नव्हे ते मी तक्रार केली नाही.

तो : केली होतीस. पातेल्याबद्दल.

ती : पातेल्याबद्दल केली, चालण्याबद्दल नाही. आज सांगते, कधी बोलले नव्हते. दुकानात कुणी त्या पोरीचं चित्र असलेला बूट शिवायला आणला ना, की मी पैसे घेत नाही. माझ्या पायांवर चालते ती. आपल्या घरात दुसरी कुठली लेक आहे? आणि आता चौथ्या पर्वात ती कुणा दुसरीच्या पायांवर चालायला लागली. कानामागून आली नि तिखट झाली. कोण आहे ती?

तो : अगं, गोष्टीत पाच वर्षं गेलीत. पोर मोठी झाली, चाल बदलली. एवढंच आहे.

ती : मोठी झाली म्हणून लंगडी झाली?

तो : लंगडी म्हणू नकोस.

ती : का? झोंबलं?

तो : चांगला शब्द नाही तो.

ती : बघा, सोळा वर्षांत मला कुणी काही बोललं तर तुम्ही पेपर वाचत बसलात. आणि तिला लंगडी म्हटलं तर लगेच झोंबलं.

तो : नसतं डोक्यात घेऊ नकोस.

ती : डोक्यात नाही, हातात आहे. हे बघा. तुमच्या पिशवीच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेले.

तो : पिशवी कशाला उघडलीस?

ती : चोराच्या मनात चांदणं. टाच सुटली असेल तर ठोकून ठेवावी म्हणून उघडली, दर रविवारी उघडते तशी. टॉवेलात गुंडाळलेले बूट मी आजवर बघितले नव्हते. आता नीट ऐका. नऊ नंबर, म्हणजे पाय तुमचा. तुमची चाल मला पाठ आहे, तुम्ही दोन्ही टाचा मागून सारख्या झिजवता. यात डावी टाच फक्त बाहेरच्या कडेने गेलीय आणि उजवा तळ चवड्याखाली आतून. आणि ही झीज चालून झालेली नाहीच. कानशीने घासून केलीय.

तो : कानशीने केलीय हेही कळलं?

ती : कानस माझीच आहे. गेल्या वर्षी आठवडाभर सापडत नव्हती ती. म्हणजे तुम्ही बसून, मापून, एका बाईची चाल या बुटांत घातलीत. पाय तुमचा, झीज तिची. आवाजवालीचं नाव घेणार होते मी. पोरीला आवाज देणारी ती, तुमच्याशी फार गोड बोलते. पण तिच्या सँडलचा पट्टा मीच शिवलाय, ती चवड्यावर नाचत चालते. तेव्हा ती सुटली. ही कुणी वेगळीच. सांगू कशी आहे ती?

तो : नको.

ती : सांगतेच. डाव्या पायावर तिचा भरवसा नाही. टाकायच्या आधी थांबते, खाली जमीन आहे ना बघते, मग टाकते. सगळा भार उजव्यावर. उभ्याने काम करणारी बाई आहे, संध्याकाळी पाय सुजत असणार. तरुण नाही. तरुण बाई इतकं जपून चालत नाही. अशा बाईत तुम्हाला काय दिसलं हो?

तो : पुष्कळ.

ती : पुष्कळ. वा. एका शब्दात आटोपलंत.

तो : तू विचारलंस म्हणून सांगितलं.

ती : तुमचं पाऊल वाकडं पडलं असं मी म्हणत नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. चार भांडी आपटली असती, दादाला बोलावलं असतं, मोकळी झाले असते. पण एखाद्या बाईच्या चालण्याकडे इतकं बारीक लक्ष? डावा पाय किती थांबतो, टाच कुठल्या कडेने टेकते? आम्हाला एकदा खोलीभर फिरवलं नि झालं. हिच्यामागे किती दिवस होतात?

तो : मागे नव्हतो. घर... जाऊ दे.

ती : जळतेय मी. हो, लपवायचं कशाला, जळतेय. दोन दिवस दुकानात आरी बुटात कमी आणि बोटात जास्त जातेय. शेजारची पोरं खिडकीशी बसून हाच भाग बघतात, तिचं पाऊल वाजलं की मी उठून खिडकी लावून घेते. त्या तरंगणाऱ्या लोकांनीसुद्धा तिला विचारलं ना, तू कोण, तुझं पाऊल ओळखीचं नाही? मीही तेच विचारतेय.

तो : पुढच्या भागात ओळखतात ते तिला.

ती : मला पुढचा भाग सांगू नका. मागचा सांगा. गेल्या वर्षी मी दुकानात शिडीवरून पडले, घोटा मोडला, दोन महिने प्लास्टर घालून या पलंगावर होते. तेव्हा तुम्ही रोज उशिरा यायचात. नव्या पर्वाची चाल शोधतोय म्हणायचात.

तो : खरंच शोधत होतो. मिळत नव्हती.

ती : आणि मी इथे पाय उशीवर ठेवून या पोरीचे जुने भाग लावायची. म्हणायची, ही चालतेय ना, मग मीही चालेन. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी तुम्हाला पहिलं काय विचारलं, आठवतं?

तो : चालण्यात काही फरक पडलाय का.

ती : आणि तुम्ही काय म्हणालात?

तो : काडीचाही नाही.

ती : काडीचाही नाही. मग माझी चाल आहे तशी असताना दुसरीची घ्यायचं कारण काय? बोला ना.

तो : काय बोलू? इकडे आड, तिकडे विहीर आहे माझी.

ती : तर मग मी सांगते. बॅग भरून ठेवलीय, दाराआड आहे. नाव सांगा, नाहीतर चारच्या गाडीने मी दादाकडे जाते. आणि हे लटकं रुसणं नाही, माझ्या दुकानातले सगळे बूट परत पाहिजेत. मग चाला अनवाणी त्या माइकपुढे.

तो : अजून सहा भागांचं रेकॉर्डिंग राहिलंय.

ती : बघा, बायको चाललीय आणि यांना रेकॉर्डिंग आठवतंय.

तो : आईचं काय? तिचे डोळे गेल्यापासून तुझ्यावरच सगळं आहे. तू जिन्यात असतेस तेव्हापासून तिला कळतं. मी पोटचा मुलगा, समोर उभा राहिलो तरी विचारते, कोण?

ती : आईंना पुढे करू नका. त्यांना मी सांगून जाईन. त्यांच्या लेकाने काय दिवे लावले तेही सांगेन.

तो : तिला यात ओढू नकोस. ऐक माझं.

ती : तुम्हीच ऐका. एकदा मोठ्याने ऐका, म्हणजे तुमचं तुम्हाला कळेल, ही चाल नि माझी चाल यात किती फरक आहे ते.

तो : आवाज नको वाढवूस. आई उठेल.

ती : उठू देत.

(टीव्हीचा आवाज घरभर होतो. जिन्यावर पावलं वाजतात. एक, मग जरा थांबून दुसरं.)

आई : (आतून) आलीस का गं दुकानातून? आज पाय जास्त दुखतोय वाटतं तुझा. सावकाश ये. माझं पाणी घेऊन झालंय.

ती : आई, मी केव्हाची इथेच बसलेय.

आई : मग जिना कोण चढतंय?

ती : टीव्ही आहे तो.

आई : टीव्ही कसा असेल? तुझं पाऊल मला कळत नाही होय? पडल्यापासून डावा पाय थांबून टाकतेस. रोज ऐकते मी.

ती : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

आई : याने बजावलं होतं. तिच्यापुढे हे काढू नकोस, म्हणाला. त्याला विचार. आणि तो टीव्ही बारीक करा, मी जरा पडते.

तो : दे तो रिमोट.

ती : राहू द्या. केला बंद.

तो : हे बघ...

ती : काडीचाही फरक नाही म्हणालात.

तो : तू विचारलंस तेव्हा भिंत सोडून उभी होतीस. तोंडावर इतका आनंद होता. मला नाही सांगवलं.

ती : सगळ्यांना दिसत असणार. गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना. आणि मी सांगत सुटले होते, काही राहिलं नाही बघा, पूर्वीसारखीच चालते.

तो : तू तुझ्या चपला उलट्या करून बघितल्यास का गं? पडल्यापासून?

ती : वेळ कुठे मिळतो.

तो : अख्ख्या गावाचे तळ बघतेस.

ती : नाही बघितल्या. मुद्दामच. पुरे?

तो : पुरे.

ती : आणि मला न सांगता ते सगळ्या जगाला ऐकवलंत.

तो : दिग्दर्शकाला अकरा चाली ऐकवल्या होत्या. सगळ्या नापास. त्याचं म्हणणं, ही पोर त्या जिन्यावरून एकदा कोसळलीय आणि तरी परत आलीय, ते पावलात आलं पाहिजे. ते मला कुठून आणावं कळेना. मग तुझं प्लास्टर निघालं. तू उठलीस, स्वयंपाकघरात गेलीस. मी इथे बसून ऐकत होतो.

ती : आणि तुम्हाला तुमची चाल मिळाली.

तो : हो. खोटं कशाला बोलू. आधी आनंदच झाला. मग माझीच मला लाज वाटली.

ती : वाटायलाच पाहिजे.

तो : पण पुष्कळ दिसलं म्हणालो, ते खरं आहे. आधी तू न बघता पाय टाकायचीस. आता भीती वाटते तुला, ऐकू येतं मला, आणि तरी रोज दुकानात त्याच शिडीवर चढतेस. मी तुझ्यामागे फिरलो नाही. घरी बसून ऐकलं फक्त. अजूनही ऐकतो.

ती : दोन दिवस मी माझ्याच नावाने बोटं मोडतेय म्हणजे.

तो : बरीच मोडलीस.

ती : लंगडी कोण म्हणालं होतं?

तो : तू.

ती : आणि झोंबलं तुम्हाला.

तो : आठवण नको काढूस.

ती : ती पहिली चाल... ती कुठे असेल आता?

तो : पहिल्या तीन पर्वांत आहे. कुठे जात नाही. लावू?

ती : नको. तिच्यावरही जळत बसेन.

तो : मग चारची गाडी?

ती : जाऊ दे ती. बॅग आत ठेवा, आईंच्या पायात यायची. आणि ते बूट द्या इकडे. कानसही आणा.

तो : काय करतेस? सहा भाग राहिलेत अजून, मोडू नकोस ते.

ती : मोडत नाही. धरा नीट, हलू नका. डावी टाच बाहेरून अजून घासायला पाहिजे. इतकी बरी नाही चालत मी.