मोकळ्या प्लॉटवरचा संसार

माहेर माहं कळमेश्वरकडचं, सासर म्हणजे प्रताप नगरातली भाड्याची खोली, तिथं मी डबे करते. लहानपणी गावच्या नाटकात मी रडायचं काम असं करे का पहिली मायच रडे, पण जे नाटक मी मनीषनगरात केलं ते काय सांगू बाई तुम्हाले, आठवलं का हसूही येते अन् मानही खाली जाते.

तिथं आम्ही एक मोकळा प्लॉट ठरवला, बाजूलेच राहणाऱ्या गिरजाआजीच्या नावाचा. इसार दिला, इसारपत्र झालं. मग भाव चढला, अन् तिचा लेक दुसरं गिऱ्हाईक आणून राहिला. आम्ही कोर्टात गेलो, म्हटलं केसचा निकाल लागेपर्यंत त्याले विकायले मनाई करा. तेवढं खरं होतं. पण आमचे हे अतिहुशार, अर्जात लिहून बसले का ताबाही आमचाच, आम्ही तिथंच राहतो. कोर्ट म्हणे पाहू, अन् पाहायले एक वकीलसाहेब नेमले.

आता राहतो म्हटलं तर राहताना दिसलं पाहिजे ना! टिनाचं शेड ठोकलं, तुळस ठेवली, चूल पेटवली, दोरीवर ह्यांची बनियन, अन् मी डोक्यावर पदर घेऊन अशी पोळ्या लाटून राहिली जसा काही तिथंच जन्म गेला. साहेब आले भर उन्हाचे, फिरले, म्हणे वहिनी, जरा पाणी देता का. अन् बाई, पाणीच नाही! नळ नाही, विहीर नाही, कणीक घरून मळून आणलेली, माठ ठेवला तो नुसता शोभेचा. हे माह्याकडं पाहतात, मी तुळशीकडं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून गिरजाआजी तांब्या घेऊन आली, म्हणे पोरी, दारातला माणूस तहानलेला जाऊ नये. साहेबांनी तिलेच विचारलं, आजी, हे लोक इथं राहतात काय. लेक मागून खुणावून राहिला, म्हण का आपण ह्यांले ओळखतही नाही. आजी म्हणे, राहत नाहीत अजून, पण इसार मी ह्याच हातानं घेतला साहेब, राहतील. साहेबांनी सगळं लिहून घेतलं.

कोर्टानं ताबा मानला नाही, विक्रीले मात्र मनाई दिली. मनाई कोणावर? प्लॉट जिच्या नावाचा, तिच्यावरच.

केस चालूच आहे. तारखेले आजी बाकावर सरकते, म्हणे बस वं, डबे करून थकली असशील. हे डोळे वटारतात, विरोधी पार्टीजवळ काहून बसतेस म्हणतात. मी बसते.  देव तिले सुखात ठेवो, अन् मले एकदा तिच्या तोंडाकडं पाहून, आजी, चुकलं आमचं, असं बोलायची हिंमत देवो.