वाघ्याले मिठाचं औषध

आमच्या वाघ्या कुत्र्याचं आयका. जरासा भेला का लटपटून पडे. अमरावतीच्या ढोरांच्या डॉक्टरनं रोज मीठ द्याले सांगतलं. आठ दिवसांत तो उठेचना! वलगावहून बैलांची दमनी जुंपली, वाघ्याले त्यात टाकलं, बायकोले घेऊन गेलो अन् डॉक्टरवर भडकलो, "तुमच्या मिठानं कुत्रं मरून राह्यलं!"

डॉक्टरनं इचारलं, "मीठ देता कसं?"

बायको म्हने, "दुसरं कसं? नजर उतरवतो अन् चुलीत टाकतो."

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. तिथंच मीठपाणी पाजलं. संध्याकाळी वाघ्या उठून बसला!

डॉक्टर म्हने, "भेलं का संतापलं का अंगात रस सुटतो, तो बनवणारी गाठ याची वाळली, म्हून अंगात मीठ टिकत नाही. मीठ रोज पोटात गेलं पाहिजे."

म्या म्हटलं, "माह्या अंगातला रस द्या ना त्याले!"

बायको म्हने, "डॉक्टरसाहेब, सबनच काढा, थेंबभरही ठेवू नका!"