शेजारच्याचे बूट

वहिनी, मुख्याध्यापक सर, सगळे शिक्षक, पालक, आणि मागे भिंतीला लागून ताठ उभ्या असलेल्या माझ्या मुलांनो. आधी खाली बसा रे. सतरंजी अंथरली आहे, बसा. बघा, बसत नाहीत. वर्गात माझा आवाज नुसता जिन्यात ऐकू आला तरी चिडीचूप होणारी ही मुलं. पण कॅडेटचा गणवेश अंगात चढला की ऐकायचं फक्त भालेराव सरांचं, ही या शाळेची जुनी रीत आहे. राहू द्या, उभे राहा.

आहेर मॅडमना बोलायला सुचत नाही, असं माझ्याबद्दल आजवर कोणी म्हटलेलं नाही. उलट, मॅडम, आता पुरे, असंच म्हटलंय. आज मात्र खरंच सुचत नाहीये. घरून दोन बरी वाक्यं पाठ करून निघाले होते. एक सिडकोत रिक्षात बसताना विसरले. दुसरं इथे दारात वहिनींना बघितलं आणि गेलं. आता जे येईल ते बोलते. आम्ही देवळ्याकडची माणसं, आमचं बोलणं जरा रांगडं असतं, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी भालेराव सरांनी नेहमीसारखी परेड घेतली. घरी गेले, आंघोळ केली, वहिनींना म्हणाले, "जरा पडतो, चहाला उठव." वहिनी चहा घेऊन गेल्या, पण सर उठले नाहीत. दुखणं नाही, दवाखाना नाही. माणूस जसा शिस्तीत राहिला तसा शिस्तीत गेला. फक्त आम्हाला कोणाला विचारलं नाही. एवढं एक चुकलंच तुमचं, सर.

पण मी रडणार नाही. सरांनी मुलांना पहिल्या दिवशीच सांगितलेलं असायचं, रांगेत उभं असताना नाक पुसायचं नाही, वाहतंय तर वाहू द्या. तेव्हा माझं नाक आज वाहिलं तर दुर्लक्ष करा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. परवा मुख्याध्यापक सर स्टाफरूममध्ये आले. म्हणाले, कॅडेट पथकाला कोणीतरी शिक्षक लागतो. प्रशिक्षण घेतलेला मिळेपर्यंत निदान केअरटेकर म्हणून तरी कोणाचं नाव द्यावं लागेल, नाहीतर पथक बंद होईल. नववीच्या मुलांची दोन वर्षांची मेहनत, त्यांची परीक्षा, सगळं पाण्यात. कोण घेतंय? आणि आम्ही सगळ्यांनी पंख्याकडे बघितलं. इतके शिकलेसवरलेले आम्ही, आणि एक पंखा आमच्या सगळ्यांच्या कामी आला. मीही बघितलं. गुडघे दुखतात, घरी सासूबाई आजारी, रविवार एकच मिळतो. सगळी कारणं खरी होती हो. खोटं एकही नव्हतं.

ते तिथेच ठेवते, परत येते त्याच्याकडे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालक सरांना विचारायचे, आमच्या मुलाला पथकात घ्यायला काय पाहिजे? उंची किती लागते? धावायचं किती? टक्के किती? सर म्हणायचे, "काळ्या पॉलिशची एक डबी आणि ब्रश. बाकीचं मी बघतो." पालकांना वाटायचं, गंमत करताहेत. गंमत नव्हती. आठवीची मुलं पहिल्या रविवारी डब्या घेऊन यायची, सर त्यांना रांगेत उभं करायचे आणि सांगायचे, "आता उजवीकडच्याचे बूट चमकवा."

हाच सरांचा नियम. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते. आपले बूट आपण पुसायचे नाहीत, शेजारच्याचे पुसायचे. शेजारच्याचं बटण तुटलं असेल तर शिक्षा तुम्हाला. शेजारच्याने सकाळी काही खाल्लेलं नसेल आणि तो उन्हात चक्कर येऊन पडला, तर मैदानाला फेरी तुमची. "तू याला विचारलं का नाहीस, नाश्ता केलास का म्हणून?" रांगेच्या डाव्या टोकाला जो उभा असेल, त्याचे बूट सर स्वतः पुसायचे. मांडी घालून, मैदानातच.

एका वर्षी एक पालक आले. नाव घेत नाही, माणूस चांगला आहे, आज इथे बसलाही आहे. तणतणत आले. "आमच्या घराण्यात कोणी दुसऱ्याच्या पायताणाला हात लावला नाही. माझा मुलगा लावणार नाही." मी सरांच्या जागी असते ना, तर तिथल्या तिथे भांडले असते. अहो, भालेराव सरांसमोर हे बोलायचं? कोणासमोर काय बोलतोय याचं भान नको माणसाला? पण सर हसले. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "साहेब, तुमच्या मुलाचे बूट बघितलेत आज? तोंड दिसतंय त्यात. कोणी चमकवले माहीत आहे का? शेजारच्या पोराने. त्याच्याही घरात कोणी हे केलं नव्हतं. आता तुमच्या मुलाने नाही म्हटलं, तर त्याच्या शेजारी जो उभा आहे तो एकटाच धुळकट बूट घालून चालेल. चालेल तुम्हाला?" त्या गृहस्थांनी चहा संपवला. पुढच्या रविवारी मुलगा डबी घेऊन हजर. आणि डबी कोणती? चांगल्यातली, मोठी!

बरं, या नियमाने फजिती पण काय कमी केली? एकदा सव्वीस जानेवारीला बाहेरून एक साहेब तपासणीला आले. मोठे मिशावाले. रांगेतून फिरता फिरता एका मुलासमोर थांबले. पट्ट्याचं बक्कल काळंकुट्ट. साहेब गरजले, "ये क्या है?" मुलगा छाती काढून, खणखणीत आवाजात म्हणाला, "सर, ये मेरा काम नहीं है सर! ये इसका काम है सर!" आणि शेजारच्याकडे बोट. शेजारचा त्याहून खणखणीत, "जी सर! गलती मेरी है सर! लेकिन मेरा बक्कल देखिए सर, मेरे बाजूवाले ने अच्छा किया है सर!" साहेबांना कळेना रागवायचं कोणावर. आमचे सर आकाशाकडे बघत उभे. त्या दिवशी आम्हाला ढाल मिळाली नाही. सर मात्र संध्याकाळपर्यंत मिशीतल्या मिशीत हसत होते.

आता माझी फजिती. शिक्षकदिनाला मुलं शिक्षक होतात ना, तशी आमच्याकडे मुलं शिक्षकांची परेडही घेतात. गेल्या वर्षी हुकूम द्यायला ही रेणुका होती. ती बघा, डावीकडून पहिली, जिची वेणी सगळ्यात घट्ट आहे ती. वडील अंबडला कारखान्यात आहेत, आणि मुलीचा आवाज असा की कारखान्याचा भोंगा बरा. ती ओरडली, "तेज चल!" आणि मी निघाले. डावा पाय, डावा हात. उजवा पाय, उजवा हात. मला पत्ताच नाही. अख्खी शाळा हसतेय आणि मला वाटतंय, कौतुक चाललंय. "थम" म्हटल्यावरही मी आणखी थोडी पुढे गेले. सरांच्या डोळ्यांत पाणी, पोट धरून हसताहेत. म्हणाले, "मॅडम, ही चाल जगात दोघांनाच येते. एक तुम्ही, दुसरा उंट."

मी आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी. माझी खुर्ची सरांच्या शेजारी, तरी पाठ करून बसायची. शेवटी त्यांनीच डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवली. वहिनी, तुमच्या हातच्या त्या चटणीपुढे माझा राग कधी टिकला नाही. मग म्हणाले, "अहो, दर वर्षी आठवीत असं एक तरी पोर येतंच. मी त्याला काढत नाही. चालताना पाढे म्हणायला लावतो. पाढ्यात डोकं गुंतलं की हातपाय आपोआप नीट चालतात." मी उडालेच! कारण माझ्या वर्गातल्या काही ढ पोरांना एकोणीसचा पाढा उलटसुलट पाठ कसा, हे मला इतकी वर्षं कोडं होतं. मला वाटायचं, माझ्या शिकवण्याचा गुण. कसला गुण आणि काय! मैदानावरचे उंट होते ते!

तेव्हापासून सर माझ्या मागे लागले. "मॅडम, माझ्यानंतर पथक तुम्ही घ्या." मी म्हणायचे, "उंटाला कोणी पथक देतं का?" ते म्हणायचे, "उंटाला कळतं ना, पोराचं कुठे चुकतंय ते. माझं कधी चुकलंच नाही, मला ते ओळखायला किती वर्षं लागली." मी विषय बदलायची. ते पुन्हा काढायचे. मुलांनी कितीदा तरी विचारलं, सर, तुमचे बूट आम्ही पुसतो. सर हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "मी तुमच्या रांगेतला नाही. माझा शेजार वेगळा आहे." आणि स्टाफरूममध्ये येऊन पाय पुढे करून मला म्हणायचे, "बघा शेजारीण, धूळ किती बसलीय. कधी मनावर घेताय?" मी म्हणायचे, "स्वप्न बघा, सर."

स्वप्न बघा, सर. हे मी म्हणायची. कितीदा म्हटलं असेन.

ते बूट आज वहिनींनी आणलेत. फोटोखाली, टेबलावर ठेवलेत, बघा. घरी दाराशी जसे काढले होते तसेच आहेत. मैदानाची माती अजून तशीच आहे त्यांच्यावर. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "मला हात लावायचं धाडस होत नाही हो, तुम्ही बघा कोणाला द्यायचे ते."

मघाशी मी इथे आले, तेव्हा खरं सांगते, नाही म्हणायचंच ठरवून आले होते. बोलायचं, हार घालायचा, घरी जायचं. दाराशी चपला काढायला वाकले, तर तिथे ही सगळी मुलं जमिनीवर बसलेली. हात काळे. तुम्ही सगळ्यांनी बाहेर काढलेले बूट, चपला, सँडल, सगळं ओळीत मांडलेलं आणि ही पोरं एकेक पुसताहेत. जाताना आपली चप्पल सापडली नाही तर घाबरू नका, ती चमकत असेल म्हणून ओळखू येणार नाही. मी रेणुकाला विचारलं, "अगं, हे कोणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणाली, "कोणीच नाही मॅडम. सरांसाठी आलेत ना सगळे. म्हणजे शेजारचेच झाले."

मग मला सांगा, मी कुठल्या पंख्याकडे बघू आता?

या पोरांकडून सरांनी एवढंच मागितलं होतं, आणि पोरांनी ते दिलं. आमच्याकडून, आम्हा मोठ्यांकडून पण तेवढंच मागितलं होतं की. माझ्याकडून तर रोज मागत होते, पाय पुढे करून.

मुख्याध्यापक सर, माझं नाव द्या. केअरटेकर तर केअरटेकर. मला गणवेश मिळणार नाही, मी साडीत उभी राहीन. गुडघे दुखतील. सासूबाईंचं रविवारी आमचे हे बघतील; ते तिथे बसलेत, त्यांना हे आत्ताच कळतंय, त्यांच्या चेहऱ्याकडे बघू नका. मुलांनो, मला सगळं येत नाही. मला चालता येत नाही हे तर तुम्ही बघितलंच आहे. तुम्ही मला चाल शिकवा, मी तुमचे पाढे घेते. एवढं जमेल आपल्याला.

दाराशी मी रेणुकाच्या हातातली डबी मागून घेतली होती. ही बघा. ब्रशपण दिलाय तिने. स्टाफरूममध्ये सरांच्या शेजारची खुर्ची माझी होती. नियमाने हे काम माझं. फार उशीर केला मी, सर, पण आता पुसते.

तेव्हा मंडळी, आता आपण सगळे उभे राहू या. मी हे बूट पुसून खाली ठेवेपर्यंत कोणी काही बोलू नका. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही, पहिल्यांदाच करतेय. वहिनी, तुम्ही बसून राहा, तुम्हाला सूट आहे.

रेणुका, हुकूम तू दे. नेहमीसारखा मोठ्याने दे, त्यांना ऐकू गेला पाहिजे.

जय भीम, सर. जय हिंद.