भिवाचं सुरिनाम

आमच्या धाकटीचं बारसं झालं, त्या एक्याऐंशी सालची गोष्ट. आखातात, सित्राला कंपनीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे भिवा आणि म्हातारे धाकूकाका उभे होते.

"काका, सुरिनामला खाणीत नोकरी मिळतेय. दक्षिण अमेरिकेत."

"तिथे आहे काय?"

"नद्या नि रान. माणसं बहुतेक किनाऱ्यालगत. आपले हिंदुस्तानीही पुष्कळ, शंभर वर्षांपूर्वी गेलेले."

"मेल्या, नि अजून परतले नाहीत?"

"तिथलेच झाले."

"बघ! आणि सरकार कुणाचं?"

"गेल्या वर्षी लष्करातल्या हवालदारांनी घेतलं."

"मग साहेब त्यांना सलाम ठोकतात?"

"थट्टा नको. जाऊ ना?"

"जा की. फक्त माझ्याशी रोज भांडायला दुसरा कोणी बघून दे."

भिवा गेला नाही. धाकूकाका त्र्याऐंशीच्या शिमग्यात इथेच वारले, भिवाच्या मांडीवर.