हाकेला आलेली ठमी

ऐका रं पोरांनो. आन् मधी कुणी 'मग काय झालं' म्हणायचं न्हाई. मी सांगतोय न्हवं?

वरल्या आळीची हौसाआत्या. नवरा गेला, लेक शहरात गेला तो तिकडचाच झाला. घरात आत्या आन् तिची मांजर, ठमी. साय ठमीला, आत्या आपली कोरा चहा प्यायची. पन ठमी लई आखडू! बारा वर्सं आत्यानं हाका मारल्या, ती एकदा जवळ आली न्हाई. लोक म्हणायचे, "आत्या, मांजर पाळलंस का सासू?"

एका आवसेला ठमी दिवसभर दिसली न्हाई. दिवस बुडला. आत्यानं कंदील घेतला आन् निघाली. कुठनं? बाभळीच्या पाणंदीनं! दुसरी वाट नव्हती का? व्हती. पन जीव गुंतला की शहाणपण सुचतंय का?

"ठमेऽऽ! ये गं बाय!"

बांधापल्याडनं आवाज आला. म्यांव!

आत्या थबकली. पुन्हा हाक. पुन्हा म्यांव, जवळनं. तिसऱ्या हाकेला ठमी पळत आली आन् पायाला अंग घासाय लागली. आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. उचलून छातीशी धरलं. दहा पावलं गेली, मांजर जड. वीस गेली, शेळीएवढं जड! कंदील विझला. वारं न्हाई, काय न्हाई, विझला! आन् कानाशी मांजर बोललं, "आत्या, घरी नगं जाऊस. तिथं कोण हाय तुझं? इथंच ऱ्हा."

आत्या थांबली. खोटं कशाला सांगू, तिला ऱ्हावंसं वाटलं. मग एकदम डोक्यात आलं, माझी ठमी? आन् हाकेला आली?

"तू माझी न्हवंस!" म्हणली, टाकलं खाली आन् पळत सुटली. मागं नखं खरखरत व्हती. लुगडं काट्यात फाटलं, पन मागं बघितलं न्हाई.

दार ढकललं. चुलीपाशी ठमी झोपलेली! दिवसभर माळ्यावर बसली असंल महाराणी. "ठमे!" आत्यानं हाक मारली. ठमीनं एक डोळा उघडला, मिटला. जागची हलली न्हाई.

आन् लांब पाणंदीकडनं आवाज आला. म्यांव.

आत्यानं ठमीला पदरात घेतलं आन् लई रडली. त्या दिसापास्नं तिनं घरात हाक मारायचं सोडलं, ते सोडलंच.

तवा अंधार पडल्यावर त्या पाणंदीला जायचं न्हाई, सांगून ठेवतो. बारा वर्सांत आत्याच्या हाकेला ओ देणारं तेवढंच एक निघालं, पोरांनो. ते अजून तिथंच हाय.