थुंकीची साक्ष

...आता तुमीच सांगा, मानसाची थुंकी अशी भर परीक्षेत मानसावरच उलटावी? वीस वर्षं झाली मले समुद्रपूरच्या कॉलेजात, लॅबचा शिपाई म्हनून, नळ्या धुता धुता बारावीची अर्धी बायोलॉजी पाठ झाली, पन असा घाम कधी फुटला नाई. अन् मी तं तंबाखू-सुपारीचा तो खर्रा सोडला होता ना! माह्या पोरीच्या, नंदिनीच्या डोक्यावर हात ठिवून सोडला होता.

तं प्रॅक्टिकल तिचंच. चिठ्ठी निघाली थुंकीची. म्हंजे स्टार्चच्या पान्यात आपली थुंकी टाकाची, दर दोन मिनिटाले थेंब काढून त्यात आयोडीन टाकाचं. थुंकीतल्या एन्झाइमनं स्टार्च तोडला तं निळा रंग येत नाई. सोपं काम. पन भीतीनं पोरीचं तोंड इतकं कोरडं पडलं, का थेंब निघंना. बापाचा जीव हो, राह्यवते का? परीक्षक वर्षाली मॅडमनं पाठ फिरवली तसा मी मांगं गेलो, ओठाखालचं... आता ओठाखाली काय होतं ते जाऊ द्या... ते थुकलो, अन् आपल्या थुंकीनं नळी भरून तिच्या हाती देली.

दोन मिनिटं, निळं. चार मिनिटं, निळं. सहा... तेच गर्द निळं. पोरगी माह्याकडं पाहून राह्यली.

मीच पुढं झालो, "मॅडम, पानी जास्त तापलं असन. एन्झाइमची घडी असते ना, ते उकडलेल्या अंड्यावानी बिघडते, मंग स्टार्च त्यात बसतच नाई." मॅडमनं थर्मामीटर पायला. सदतीस. गप बसावं का नाई मी? नाई. म्हनलं, "मंग पोरीनं चिंच खाल्ली असन, आंबटानंही तसंच होते." मॅडम म्हने, "तपासू की." अन् लिटमस काढला. लाल कागद बुडवला... निळा झाला, भाऊ.

"हे आंबट नाही, क्षार आहे. चुन्याचा. एन्झाइम त्यानंही बिघडतं." मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला. "नंदिनी, तू खर्रा खातेस?"

पोरीनं मान खाली घातली. तिले सारं ठाऊक होतं हो, तरी बापाची नोकरी जाईन म्हनून गप. सारी लॅब तिच्याकडं पाहून राह्यली. मले नाई पाहवलं.

"मॅडम, थुंकी माही हाये."

मॅडमनं मले भाईर काढलं, प्राचार्यांकडं तक्रारीची चिठ्ठी देली, पोरीले नव्यानं कराले लावलं. अन् पोरगी इतकी भडकली, का तोंडाचा कोरडेपना कुठच्या कुठं गेला; सोताची थुंकी टाकली तं सहा मिनिटात निळं गायब. पास झाली.

आता मी खर्रा खरंच सोडला. पन घरी कोनी आयकते का? रोज सांजच्याला पोरगी दारातच उभी राह्यते, हातात लाल कागद. मी म्हनतो, "बाई, सोडला म्हनलं ना." म्हने, "बाबा, तोंडानं नका सांगू. जीभ काढा."