जीन्सवरची जाडजूड अक्षरं

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, थोडा वाढवलाय.

उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या जीन्सवाल्या शेठने ब्रँडच्या नावासाठी माझ्याकडून अक्षरं काढून घेतली: जाडजूड, प्रत्येकाच्या पायाशी विटेसारखा चौकोनी ठोकळा. कमरेमागच्या चामड्याच्या पट्टीवर ती इतकी दाबून ठोकली की आतूनही उठली. अक्षरं धुण्यात टिकली तरच पुढचं काम मला, म्हणून नमुन्याची पँट मीच घालून बदलापूरला घरी आलो.

उतरवली तर बायको किंचाळली, "अहो, कमरेवर शेठचा ब्रँड उमटलाय! विकलं की काय तुम्हाला?"

शेठला फोन केला. तो म्हणाला, "साईं, धुलाई में जाता तो नहीं?"

"दोन आंघोळी झाल्या, तसाच आहे."

"तो फिर पास!"

आता खरं सांगतो. पँट मी उतरवली हे खोटं; अक्षरं कमरेत इतकी रुतली होती की बायकोने पँट कात्रीने कापून काढली.